ठिपके उमटले

४ मार्च
मेव्हण्याने बहिणीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, नवा संगणक पाठवला. मला विचारायची गरज कोणाला! हिचा ब्रेल प्रिंटर वीस वर्षांचा. त्याची रुंद वायर लागेल अशी जागाच नव्या संगणकाला नाही. "अहो, मध्ये लावायचं काहीतरी मिळत असेल," ही म्हणाली. म्हटलं, बघू.

५ मार्च
बघितलं नाही.

९ मार्च
जुना संगणक बंद पडल्याला सहा महिने झाले. तेव्हापासून हिची पत्रं माझ्या फोनवर येतात. हिला दिसत नाही, आता ऐकूही कमी येतं. संगणकाचा बोलका आवाज कळत नाही. म्हणून मी कानाशी ओरडून वाचायचं. उत्तरंही मीच टाईप करायची. आज म्हणते, "तुमचा आवाज कंटाळलेला येतो." मग काय, गाऊन दाखवू?

१३ मार्च
शेवटी गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, तो प्रिंटर भंगारात द्या." रागाच्या भरात अडॅप्टर घेऊनच आलो. हिने बोटांनी चाचपला – "चुकीचा आणलात. आपल्या प्रिंटरचं तोंड वेगळं आहे." डोळे मला, आणि गाढव ठरलो मीच.

१५ मार्च
बदलून आणला. बसला. संगणक म्हणतो जोडलंय, प्रिंटर ढिम्म. दोन तास डोकं फोडलं. मग ही खुर्ची ओढून शेजारी बसली. "जुन्या प्रकारच्या पोर्टवरच पाठवत असेल. सेटिंगमध्ये नवा निवडा." निवडला – आणि खडखडाट! टेबल हादरलं. कागदावर हात ठेवून ही हसली. मी इतकं वाचून दाखवलं, तेव्हा कधी नाही हसली.

१६ मार्च
सकाळपासून सहा महिन्यांची आलेली-गेलेली पत्रं छापतेय. मला म्हणाली, "तुम्ही आता आराम करा." हिच्यासाठी नोकरी लवकर सोडली. आता हेही काम गेलं.

१७ मार्च
जेवताना हिने शांतपणे विचारलं, "अंधशाळेने मला शिकवायला बोलावलं होतं. 'जमणार नाही' असं माझ्या नावाने कोणी कळवलं?"

ते पत्र मी हिला वाचून दाखवलंच नव्हतं. शाळा परगावी. राहायची सोय एकटीचीच.

मी आणखी भात वाढून घेतला. हिने हात धुतले, आणि स्वतःच शाळेला उत्तर टाईप करायला बसली. संगणकाचा पडदा माझ्यासमोरच होता. वाचायचं धाडस झालं नाही.