कोमट जाळी

पहूर,
आखाजीच्या आधीचा सोमवार

प्रिय कुंदन,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर फार जाऊ नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू 'अक्का' म्हणालास की माझा राग पातळ होतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तू त्याचा फायदा घेतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

माझ्या तेजसला पाठवलेले फोटो पाहिले. सतरा फोटो! केबिनमधले निळे दिवे, नवा हॉर्न, सीटचं वेलवेट, मागे लिहिलेलं 'खान्देश किंग'. इंजिनाचा एकही नाही. ट्रेलर ओढणारा पुढचा घोडा विकायला काढलास आणि घोड्याचं काळीज तेवढं दाखवायचं विसरलास? पोरगा चार दिवस घरात नाचतोय. मामा सहा सिलिंडरचं इंजिन देतोय, चढाला गिअरसुद्धा बदलावा लागणार नाही, म्हणे. मी विचारलं, त्याचे नोझल जळगावात मिळतात का? चांदवडला बंद पडलं तर तिथला मिस्त्री त्याला हात लावेल का? याआधी कधी उघडलं, कोणी उघडलं? तर म्हणतो, मामा आहे ना. तेवीस वर्षांचा झाला तरी त्याला अजून मामा कळला नाही. त्याच्या आईलाही उशिराच कळला म्हणा.

आपल्या वडिलांचं, नानांचं, धुळ्याचं गॅरेज तू आज त्यांच्याच नावानं 'भिकन मोटर्स' म्हणून मिरवतोस. पाटीवर त्यांचा फोटो लावलास, फोटोला हार घातलास. त्यांची रीत मात्र गुंडाळून ठेवलीस. जुनी गाडी बघायला नाना उजाडताच जायचे, मालकानं चावी लावायच्या आत. कितीदा मलाही न्यायचे. केबिन पुढे कलंडवली की म्हणायचे, "हात लाव पोरी, ऊनं शे का थंडं?" थंड असेल तरच पुढचं बघायचं. मग सेल्फ मारून इंजिन सुरू करायचं, धूर पांढरा की निळा ते बघायचं, ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर उलटं ठेवायचं. झाकण जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, चला घरी. गरम इंजिन कसंही सुरू होतं, त्याचं दुखणं थंडपणीच कळतं. म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवणाऱ्याच्या दारात नाना चहाही घ्यायचे नाहीत. तू तेव्हा शेजारी पाने धरून उभा असायचास. सगळं ऐकलंस आणि नेमकं उलटं शिकलास.

दोन वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठव. मी माहेरपणाला आले होते, तुझे दाजी तुझ्याकडून घेतलेली गाडी न्यायला आले होते. सकाळी सातला तुझी बायको मोहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. नारळ, लिंबू-मिरची, सगळी तयारी. घरची लेक म्हणून पूजा माझ्या हातून. तू म्हणालास, "काल सांजपासून सेल्फ मारेल नही, अक्का. डोया झाकीसन लई जाय." आणि आम्ही नेली.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. तुला ते दवाखान्याच्या दारातूनच दिसलं होतं. केळीचा कंटेनर घेऊन तुझे दाजी बंदराकडे निघाले आणि राहुडच्या घाटात, भर दुपारी, इंजिनानं मान टाकली. केबिन उचलून बघायला गेले तर पाण्याचा पाइप फुटला आणि उकळतं पाणी कोपरापर्यंत हातावर. मिस्त्रीनं इंजिन उघडलं तेव्हा आवाज दबावा म्हणून घातलेलं घट्ट ऑइल निघालं आणि गळती लपवायची पावडर. हेडची गॅस्केट तर कधीचीच गेलेली. ज्यानं वीस वर्षं स्टेअरिंग धरलं, त्याची उजवी मूठ आता वळत नाही. शर्टाची बटणं मी लावते. आणि तू भेटायला आलास ते काय घेऊन? डझनभर केळी! केळीवाल्याला केळी! हसावं की तीच तुझ्या तोंडावर मारावीत, मला कळेना.

दोन वर्षं मी तुला शिव्या घातल्या. शेजारणींपुढे, देवापुढे, तव्यावरच्या भाकरीपुढे. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, ती आज लिहिते.

त्या सकाळी पूजेला मी गाडीच्या पुढच्या जाळीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. जाळी कोमट होती. ओलं कुंकू बघता बघता वाळलं. सात वाजता, सावलीत उभ्या गाडीवर! माझ्या हाताला सगळं कळलं होतं, कुंदन. नानांनी शिकवलेला हात आहे तो. पण मोहिनीनं ताट धरलेलं, तू हसत उभा, दाजींनी कपाळाला टिळा लावलेला. माहेरच्या अंगणात, सणाच्या दिवशी, 'इंजिन थंड होऊ दे, उद्या बघू' असं भावाला कसं म्हणायचं? नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला इंजिनातलं कळत नव्हतं, माझ्यातलं कळत होतं. मी मान हलवली. तू लबाडी केलीस, पण होकार माझा होता. माहेरची अब्रू राखली आणि नवऱ्याचा हात घालवला.

काल दुपारी मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं आणि ओट्यावर जाऊन बसले. आज सकाळी बटणं लावताना एवढंच म्हणाले, "पोराच्या वेळी बोलशील ना?"

म्हणून हे पत्र. रविवारी आखाजीला तेजस तुझ्याकडे गाडी बघायला येणार आहे, आणि त्याच्याबरोबर मी येणार आहे. सकाळी सहाला. माहेरपणाला नाही, गाडी घेणाऱ्याची मिस्त्री म्हणून. मोहिनीला सांग, ताट बाहेर आणू नकोस. नारळ नको, चहा नको. कागदावरचा इंजिन नंबर मी स्वतः ताडून बघणार, झाकण उलटं ठेवणार, आणि त्याही आधी हात लावणार. थंड लागलं, तर सगळं तपासून झाल्यावर तुला ओवाळेन, मनापासून ओवाळेन. दोन वर्षं मला भाऊ नाही, ते मलाही सोसत नाही रे. पण कोमट जरी लागलं, तरी या वेळी मी मान हलवणार नाही. नानांच्या फोटोचा हार उतरवीन, फोटो काखेत मारीन आणि पोराला घेऊन परत फिरेन. त्यानंतर धुळ्याला माझं कोणी नाही.

शनिवारी संध्याकाळपासून गाडीला चावी लावू नकोस.

अजून तरी तुझीच,
चारुलता अक्का