तुम्ही घाबरला असता

सोनगीरच्या अक्काला मुंबईहून धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

रूपाच्या तपासणीला नऊ हजार लागले. खरी किंमत वेगळीच पडली. तेव्हापासून तुझी ही भावजय माझ्याकडे बघत नाही. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र.

जेवण बरं मिळतं. आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यामागे भूषण भांड्यांचं दुकान वेळेवर उघडतो का? गिऱ्हाईकाला सांगावं, हंड्यावर टिचकी मारून केसाएवढी चीर ओळखणारा कान अख्ख्या धुळ्यात एकच आहे, तो लवकर येतोय.

डॉक्टर म्हणाले, आता फक्त त्रास कमी करता येईल. त्यानंतर मी वॉर्डात सगळ्यांना हसवत सुटलो. रूपाच्या शेजारच्या खाटेवर आपल्याकडची भागाबाई आहे. ती म्हणाली, "भाऊ, तू इतला बोलस, तुले भ्याव वाटस का?" भीती वाटते, अक्का. गप्प बसलो की जास्तच.

काल रूपा म्हणाली, "आखाजीला मला घरी न्या." डॉक्टर अक्षय्य तृतीयेपर्यंतचीही खात्री देत नाहीत. आईला यातलं काही सांगू नकोस.

तपासणीनंतर मी तिला विचारलं होतं, कधीपासून दुखतंय?

"दिवाळीपासून. तुम्ही घाबरला असता, म्हणून बोलले नाही."

दिवाळीपासून आम्ही रोज एकाच गल्ल्यावर शेजारी बसत होतो.

तुझा,
प्रेमराज