जहाजावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा

बाबा, मला न कळवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता? इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आजारी तुम्ही होतात, मान्य. पण मुलगा मी होतो. मला बोलवायचं की नाही, हे मला सोडून सगळ्यांनी मिळून ठरवलं.

तुम्ही वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये क्रेन चालवायचात. चहाचा कप ठेवावा तसं कित्येक टनांचं धूड जागेवर ठेवणारा माणूस, असं आपल्या ऊर्जानगर कॉलनीत तुमचं नाव होतं. मी सातवीत असताना विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तुम्ही मला वर केबिनमध्ये नेलंत आणि एक लोखंडी ठोकळा उचलून दाखवलात. खाली चाचा हातानं इशारे देत उभे होते. समोरच्या क्वार्टरमधले चाचा, तुम्हाला भाऊ म्हणणारे, तुमचे जन्माचे सोबती. मी वाकून लटकत्या ठोकळ्याकडे बघत होतो, तर तुम्ही डोक्यात टपली मारलीत. "लोड काऊन पाहून राह्यला? चाचाचा हात पाह्य. लोड तं हालतेच." मला रडू आलं होतं. पण शिकलो ते तिथेच.

आता मी नौदलात वैमानिक झाल्यावरची, समुद्रावरची ती सकाळ सांगतो, कारण ती तुम्हाला सांगायची राहूनच गेली. आमचं विमान जहाजावर धावत येऊन उतरत नसे. जहाजाच्या डाव्या अंगाला, त्याच्याच वेगानं, इंजिनाचा झोत खाली वळवून हवेत टांगून राहायचं, मग हळूच उजवीकडे सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. असं टांगून राहायला इंधन मोजकंच. वरून जहाज आधी काडेपेटीएवढं दिसतं. जवळ जातो तसं कळतं, ते हलतंय. डेक वर येतो, खाली जातो, कुशीवर कलतो. हात आपोआप त्याच्यामागे जायला बघतात, आणि त्याच्यामागे गेलं की संपलंच. मी नजर उचलतो आणि डेकवरून इशारे देणाऱ्या, पिवळं जाकीट घातलेल्या माणसाच्या हातांवर ठेवतो. त्याचे हात आडवे, स्थिर. मग ते खाली येतात. मी इंजिनाचा जोर कमी करतो, विमान दणकन बसतं, कमरेपासून टाळूपर्यंत हादरा जातो आणि मला हसू फुटतं, थांबतच नाही. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. लग्नातही नाही. आणि तेव्हा तुम्हाला जाऊन दोन दिवस झाले होते.

बंदरात परतल्यावर धावत एसटीडी बूथ गाठलं. आपल्या कॉलनीतल्या दुकानात फोन लावला, बाबांना बोलवा म्हणालो. आले चाचा. त्यांनी आधी विचारलं, "उतरला का, बेटा?" मी म्हणालो, उतरलो, एकदा नाही, आठ वेळा उतरलो. मग म्हणाले, "आता आयक. भाऊची कसम होती म्हून गप होतो. भाऊ गेले."

मी तेरवीला पोचलो. अग्नी चुलतभावानं दिला होता. आईनं सांगितलं, तिनं तार लिहवून घेतली होती, ती तुम्ही फाडायला लावलीत. उतरताना त्याचं ध्यान घरी राहील, म्हणालात म्हणे. फुप्फुसं निकामी झालेली, धड बोलता येत नव्हतं, तरी मला न कळवण्याचं वचन मात्र सगळ्यांकडून घेतलंत. चाचांशी मी वर्षभर बोललो नाही. तुम्ही दुसऱ्याच्या हातांवर विश्वास ठेवून जन्म काढलात, बाबा. माझ्या हातांवर तेवढाही नव्हता? बातमी कळली असती तर मी विमान समुद्रात घातलं असतं, असं वाटलं तुम्हाला?

आई आता खूप थकली आहे. अजूनही मधूनच विचारते, "बलावलं असतं तं तू आला असता नं?" मी दर वेळी हो म्हणतो. म्हणून हे पत्र तिच्या हाती लागता कामा नये. त्या सकाळची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. तार आली असती तर मी ती खिशात घातली असती, आणि आधी उडालो असतो.