बर्फावर पाय लागला तर

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

चि. मनोहर यास दादाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची सूज उतरल्याचे वाचून समाधान वाटले. (त्याच पत्रातील ऱ्हस्व-दीर्घांविषयी स्वतंत्रपणे लिहीन.) आमचे क्षेम आहे असे लिहिले असते, परंतु नातवामुळे लिहवत नाही.

चौदा वर्षांचा अनीश आइस हॉकी खेळतो, हे तू जाणतोसच. या वयापासून प्रतिस्पर्ध्याला खांद्याने रेटून कडेच्या फळ्यांवर आदळण्याची मुभा मिळते. आणि असे रेटणारे दोन-तीन गडी असल्याखेरीज संघ जिंकत नाही, असे प्रशिक्षकांचे ठाम मत आहे. अनीश अंगाने थोराड, म्हणून त्याची योजना याच कामी झाली. गेल्या शनिवारी मी प्रथमच सामना पाहावयास गेलो. (आत एवढा गारठा, की मी सूनबाईंची शालही पांघरली.) बरोबरी चालू असता अनीशने एका दांडग्या मुलाला असे रेटले, की तो खालीच बसला. रबरी चकती मोकळी, पुढे गोलही मोकळा! परंतु त्या गडबडीत अनीशचा पाय त्या मुलाला लागला होता. आमचे चिरंजीव थांबले, वाकले, हातमोजा त्याच्या पायाला लावून स्वतःच्या छातीला लावते झाले. तेवढ्यात प्रतिपक्षाच्या दुसऱ्या गड्याने चकती पळवून गोल केला व आपण हरलो.

“बाबा, ही तुमचीच शिकवण हं!” सूनबाई रेणू गाडीत म्हणाली. अनीश रडवेला होऊन म्हणाला, “आय डोन्ट इव्हन थिंक, आजोबा! इट जस्ट हॅपन्स, यार!” (आजोबांस ‘यार’ म्हणू नये, हे मी तेथेच सांगितले.) प्रशिक्षकांचा निर्णय असा: “नाइस किड. टू नाइस. वन मोअर चान्स.” (एकाही वाक्यात क्रियापद नव्हते, अर्थ मात्र पोहोचला.) येत्या शनिवारी पुन्हा वाकला, तर संघाबाहेर. बर्फावर लागलेला पाय हिशेबात धरू नये, असे मी समजावले. “बट यू सेड नो एक्सेप्शन्स,” तो म्हणाला.

धसमुसळेपणाविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. ते यत्किंचितही बदललेले नाही.

तुझा,
रवींद्रदादा

ता. क. कबड्डीत गडी लोळवून तू त्याला ओलांडून येत असस व मागे वळूनही पाहत नसस. त्यावरून मी तुला पुष्कळ बोललो आहे. ते न वळणे कसे साधते, एवढे अनीशला शनिवारपूर्वी फोनवर सांग. टपालाला वेळ नाही. म्हणून या पत्राचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवीत आहे.

ता. क. २. आताच सरावासाठी मी स्वतः त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने खांद्याने रेटले, मी सोफ्यावर आडवा झालो, त्याचा पाय मला लागला, आणि तो सरळ स्वयंपाकघरात निघून गेला! रेणूने टाळ्या वाजवल्या. मला घोर अपमान व अतीव आनंद एकाच वेळी झाला. परंतु थोड्या वेळाने, मला झोप लागली असे समजून, तो हळूच येऊन माझ्या पायाला हात लावून गेला. मी डोळे मिटूनच राहिलो. तेव्हा फोन आजच कर.