छंद : पक्षीनिरीक्षण

१७ फेब्रुवारी १९९६, शनिवार
इंटरव्ह्यूचा कॉल आला! एमबीएचा तिसरा प्रयत्न, पण लेखी परीक्षा पहिल्यांदाच पास. आठ मार्चला कॅम्पसवर बोलावलंय. बाबा म्हणाले, मी मे महिन्यात रिटायर होतोय, या वेळी नाही झालं तर श्यामसुंदरकाकाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. हो म्हणून टाकलं. बसणार कोण?
फॉर्मवर हॉबी 'पक्षीनिरीक्षण' लिहिली आहे. बाकी सगळे 'वाचन' लिहितात. ऐरोलीत राहतो, खाडी दहा मिनिटांवर. शोभतं.
संकल्प : उद्यापासून पहाटे साडेपाचला खाडीवर.

१८ फेब्रुवारी
रविवार. उद्यापासून.

२१ फेब्रुवारी
उठलो होतो. जाई (धाकटी बहीण, बारावी) अभ्यास करत होती. तिला डिस्टर्ब नको म्हणून परत झोपलो.

२६ फेब्रुवारी, सकाळी ८
गेलो! बाबांचा मफलर, जाईची वही. पाणी काठोकाठ. पक्षी शून्य, डास भरपूर. पक्ष्यांना शिस्त नाही.
परत आलो तर दारात शेवंताबाई, मासे घेऊन. ही दिवा गावची, जन्म खाडीत गेलेला. जाईने मुद्दाम तिला सगळं सांगितलं. ती हसत म्हणाली, अरे दादा, आज अष्टमी हाय, सकालची भरती. पाखरं काय पान्यावर बसतील? ओहोटीला चिखल उघडा पडतो, तवा जा. तिथी बघून जायाचं.
जाईने लिहून घेतलं. मी नाही. मॅनेजमेंटचा माणूस घड्याळावर चालतो, पंचांगावर नाही.

४ मार्च
खाडी बंद. गॅट करार, उदारीकरण, 'तुमचा वीकनेस काय?' उत्तर : मी परफेक्शनिस्ट आहे. आरशासमोर नऊ वेळा म्हटलं. बाबा दार वाजवून म्हणाले, परफेक्शन झालं असेल तर बाथरूम सोड.

८ मार्च, शुक्रवार
ब्लेझर शेजारच्या नौमानचा, त्याच्या लग्नातला. बाह्या लांब. पॅनलवर तिघं. गॅट कोणी विचारलाच नाही. मधल्या मॅडमनी विचारलं, खाडीवर किती वेळा जाता? म्हटलं, रोज. त्या म्हणाल्या, मीही जाते. मग, जायची वेळ कशी ठरवता?
म्हटलं, अलार्म लावून.
तिघंही हसले. छान जमलं. त्यांनी विचारलं, आणि भरती असली तर? म्हटलं, मॅडम, मी परफेक्शनिस्ट आहे.
चार मिनिटांत सोडलं. बाकीच्यांना वीस-वीस मिनिटं लागली. माझं नक्की झालं असणार.

२५ मार्च
पत्र आलं. निवड नाही. टायपिंगची चूक असेल म्हणून फोन केला. चूक नाही.
बाबांनी पत्राची घडी घातली आणि श्यामसुंदरकाकाला फोन लावला. त्याचंच जास्त वाईट वाटलं. फार थकलोय. नुसता विचार करूनही माणूस इतका थकतो?

२८ मार्च, रामनवमी
दुकानाचा तिसरा दिवस. तात्पुरतं आहे. कस्टमर रिलेशन्सचा अनुभव म्हणून.
शेवंताबाई आली, नव्या मोरीसाठी टाइल्स बघायला. विचारलं, दादा, दिसली का पाखरं? ओठांवर 'हो, खूप' आलं होतं. पण म्हटलं, नाही, एकही नाही.
ती म्हणाली, उद्या दुपारी दोनला ओहोटी हाय. ये, मी दाखवते. चिखल दिसत नाय, एवढी उतरतात.
जायची फार इच्छा आहे. पहिल्यांदाच, खरोखरची.
दोनला काका जेवायला घरी जातात. दुकानात मी बसतो.