चंद्रीची ओळखपरेड

एदलाबाद, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८५३

राजमान्य राजश्री पंडितभाऊ यांस एदलाबादेहून जीवरामचा रामराम. इकडे मी, बैल आणि केळीबाग सुखरूप आहोत. ऊन मात्र गरजेपेक्षा जास्त सुखरूप आहे. साक्रीला अक्कांचे गुडघे कसे आहेत? बाळंतशेपाचे तेल चोळत चला.

पत्रास कारण, आपली धाकटी बहीण, म्हणजे आमचे कुटुंब. आखाजीच्या सणाला माहेरी आली ती पाच आठवडे तिकडेच, आणि का, ते तिने सांगितले नसेल. भांडण चंद्रीवरून झाले. चंद्री ही आमची धामण, उंदरांसाठी तीन वर्षांपासून पाळलेली, टोपलीत राहते. भाऊ, दुपारी पाटाचे पाणी झुळझुळत असते, केळीची पाने हलतात न हलतात, आणि ती माझ्या मांडीवर येऊन माझ्याकडे टक लावून बघत बसते. (सापाला पापण्या नसतात म्हणे. नसोत. इतका वेळ माझ्याकडे दुसऱ्या कोणी बघितलेले नाही.) अशा वेळी मी कुठे असतो, मलाच कळत नाही, बैल स्वतःच्या अकलेने मोट ओढत राहतात. मी एकदा घरी म्हणालो, चंद्री मला ओळखते. तुमची बहीण भाकरी थापता थापता फणकारली, "ती तुमले नही, तुमना वल्ला धोतरले वळखस! खरंच वळखी, त्या दिन कागद धाडा, मी उनू!" आणि एवढी शर्त घालून गेली की हो बैल जुंपलेल्या दमणीत बसून.

तर भाऊ, कळवण्यास अत्यानंद होतो की ओळखले! काल भर दुपारी शेजारचा छगन आणि आमचा सालदार गडी कौतिक यांना माझ्या दोन बाजूंना बसवले, टोपली उघडली. ती छगनपाशी थबकली, (छगन रामनाम घेत होता), वळली, आणि सरळ माझ्या मांडीवर! माझे डोळेच भरून आले. शर्त पुरी झाली, तरी बहिणीला लवकर पाठवावे.

आपला,
जीवराम

ता. क. खोटे लिहवत नाही. मी नुकताच पाटातून ओल्या धोतराने आलो होतो. ते दोघे कोरडे होते.

ता. क. दुसरा. आज कौतिकला भिजवून बसवले. चंद्री त्याच्याकडे गेली. कौतिक लाजला, आणि मला दिवसभर जेवण गेले नाही.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकणार, तोच विहिरीपाशी एक धामण दिसली. चंद्री बाहेर कशी, म्हणून टोपली उघडली तर आत चंद्री! दोघी हुबेहूब सारख्या. तीन वर्षे मी कुणाला मांडीवर घेत होतो, देव जाणे. सापाने मला ओळखायचे राहू द्या, मीच सापाला ओळखत नाही. तुमची बहीण सांगायची, चंद्रीच्या हनुवटीखाली एक खूण आहे; कसली, ते मी कधी कान देऊन ऐकलेच नाही. तिचे बोलणे चाले आणि मी केळीकडे बघत बसे. आता घरात कुणी बोलतच नाही.

भाऊ, दोन्ही धामणी मी रानात सोडल्या. मंजुळेला एवढेच सांगा, सोमवारी भुसावळ स्टेशनावर दमणी घेऊन उभा राहतो. दाढी फार वाढली आहे आणि वाळलोही आहे. जरा निरखून बघावे, मीच असेन.