मागची सीट

२ सप्टेंबर २००६, लिंकन

आलो एकदाचे! व्हॅनमधलं शेवटचं खोकं आत ठेवलं आणि त्याच वेळी कॅथीड्रलच्या घंटा सुरू झाल्या. शशी म्हणाला, बघ, आपल्यासाठीच वाजवतायत. घर छोटं आहे, जिना अरुंद आहे, पण दारातून डावीकडे वळलं की स्टीप हिल. चढ इतका उभा की म्हातारी माणसं रेलिंग धरून वर येतात. वर एकीकडे किल्ला, एकीकडे कॅथीड्रल, आणि खाली लांबपर्यंत सपाट शेतं.

दोघांच्याही हॉस्पिटलच्या नोकऱ्या ऑक्टोबरपासून. म्हणजे अख्खा सप्टेंबर मोकळा. लग्न झाल्यापासून मी कॉव्हेंट्रीत, हा एजवेअरला. ड्यूट्यांचा रोटा जुळला तर भेट, नाहीतर फोन. आता एका घरात राहायचं, रोज. थोडी धाकधूकही आहे, खोटं कशाला बोलू.

त्यावर शशीने काढलेला उपाय मागच्या अंगणात उभा आहे: हिरवीगार टँडेम, दोघांनी मिळून चालवायची सायकल. दोन सायकली घेतल्या तर तू पुढे निघून जाशील आणि मी मागे बोंबलत राहीन, असं त्याचं म्हणणं. पुढे तो, मागे मी. हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्याकडे. दोघांची पेडलं एकाच चेनने जोडलेली, त्यामुळे त्याचे पाय फिरले की माझे फिरणारच. माझे हात मात्र मोकळे. त्याच्या सीटमागच्या बॅगेत नकाशा, खाऊ आणि ही वही.

शेजारची डोरीन केक घेऊन आली. सत्तरीची, हसरी, सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणते. ती आणि तिचा नवरा केन पूर्वी टँडेमवर सगळा भाग फिरलेत म्हणे. केन खिडकीशी बसला होता. मी हात केला, पण त्याने काही मान वळवली नाही.

६ सप्टेंबर

पहिला खरा रूट. विदॅम नदीच्या काठाने जुनी रेल्वेलाइन होती, तिथे आता सायकलींसाठी रस्ता केलाय. बार्डनीपर्यंत गेलो. एका बाजूला पाणी आणि हंस, दुसऱ्या बाजूला कोबीची शेतं. शशी अखंड बोलतो. बोलताना हातवारे करतो, मग टँडेम झोकांड्या खाते, मग मी ओरडते. पुण्यातल्या त्याच्या मेसमधल्या मावशींपासून भूल देण्याच्या नव्या औषधांपर्यंत सगळे विषय झाले. मला दिसते ती फक्त त्याची पाठ, पिवळं जॅकेट आणि हेल्मेटखालून बाहेर आलेले केस. पण इतकं बोलणं आम्ही गेल्या दोन वर्षांत मिळूनही केलं नसेल.

येताना वारा समोरून. चहा, स्कोन, पुन्हा चहा. मांड्या भरून आल्यात.

१० सप्टेंबर

आज वोल्ड्स, म्हणजे टेकड्यांचा रूट. एका चढावर आमचं चक्क भांडण झालं. तू पेडल मारतेस की नुसती बसलीयस, असं त्याने विचारलं. मी उतरून चालायला लागले. तोही उतरला. मग एका चर्चच्या पोर्चमध्ये बसून बटाट्याची भाजी आणि पोळी खाल्ली, आणि भांडण कशावरून झालं तेच आठवेना. उतारावर तो जो काही गायला! मेंढ्या पळाल्या.

डोरीनने नकाशावर पेन्सिलीने आणखी एक रूट काढून दिलाय. फेन्समधून, सगळा सपाट. त्यांचा आवडता होता म्हणाली.

१६ सप्टेंबर

अंग मोडून आलंय, तरी लिहिते.

फेन म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी पाणी उपसून सुकवलेली दलदल. काळी जमीन, झाड नाही, घर नाही. रस्ता पट्टीने आखल्यासारखा, आणि त्याला लागून तितकाच सरळ, खोल कालवा. त्याला इथे ड्रेन म्हणतात. मागे वळून पाहिलं तर कॅथीड्रल अंगठ्याएवढं. जेवण झाल्यावर समुद्राकडून धुकं आलं आणि तेही पुसलं गेलं.

कॅटर स्लूस नावाची जागा आहे. पाणी अडवायचं लोखंडी दार आणि त्यावरून एक माणूस जाईल एवढा पूल. शशी म्हणाला, जरा जाऊन येतो, आणि पूल ओलांडून पलीकडच्या झुडपांत गेला. मी टँडेम धरून उभी. पलीकडूनही त्याची बडबड चालू होती. मग थांबली. मी हाक मारली. पुन्हा मारली.

तो आला तो माझ्या मागून. ज्या रस्त्याने आम्ही आलो होतो त्या बाजूने.

मी हसत विचारलं, अरे, पाणी ओलांडून इकडे कसा आलास? तो सरळ पुढच्या सीटवर बसला. मीही बसले. घरापर्यंत एक शब्द नाही. बार्डनीला चहाला थांबू या म्हटलं, तर पेडलं फिरतच राहिली. एवढा समोरून वारा, पण वेग जराही कमी नाही.

घरी आल्यावर घशाला हात लावून दाखवला. आवाज बसलाय वाटतं. काढा करून दिला. माझ्या मोबाइलचं चार्जिंग वाटेतच संपलं, आणि चार्जर अजून कुठल्या खोक्यात आहे देव जाणे.

१८ सप्टेंबर

काल आणि आज दोन्ही दिवस टँडेम. मला जायचं नव्हतं. तो अंगणात टँडेम धरून उभा राहतो, मी येईपर्यंत. ऊन येवो, सरी येवोत.

नकाशा बघत नाही. मी डावीकडे म्हटलं तरी हा पूर्वेला वळतो, फेन्सकडे.

मी डॉक्टर आहे, तेव्हा जे दिसलं ते लिहिते. सकाळी गारठा होता, माझ्या तोंडातून वाफ येत होती, त्याच्या नाही. तासाभराने जॅकेटवरून हात फिरवला, पाठ कोरडी आणि थंड. आणि परत येताना स्टीप हिल चढतानाही पाठ वरखाली होत नाही. श्वासाबरोबर व्हायला हवी.

घरात पानात वाढलेलं सगळं खातो. आमटी वेगळी, भात वेगळा. माझ्याकडे पाठ करून सिंकशी उभा राहतो. ताप आहे का बघू म्हटलं तर बाजूला झाला.

आजारी असेल. मी उगाच काहीबाही विचार करतेय.

२० सप्टेंबर

चार्जर सापडला. मोबाइल सुरू केला आणि व्हॉइसमेल आले. सगळे शशीचे. सगळे १६ तारखेचे.

जिन्यात बसून ऐकले. स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो भांडी घासत होता.

पहिला: "मंजू, अगं कुठे गेलीस? ही काय गंमत आहे? मी पुलावर उभा आहे. टँडेम घेऊन एकटी कशी गेलीस तू?"

दुसरा: "मंजू, मी रस्त्याने चालतोय. धुकं फार आहे. फोन उचल गं. मी रागावलो नाहीये."

तिसऱ्यात नुसता दम लागल्याचा आवाज. मग: "मी सरळ चालतोय, एकदाही वळलो नाही, आणि पुन्हा स्लूसच आला. पुन्हा तोच पूल. मंजू, मला भीती वाटतेय."

आणि शेवटचा. हसत होता, रडल्यासारखा: "दिसलीस! अगं दिसलीस, हात करतेयस ना? आलीस बाई परत. थांब तिथेच, मी येतो."

मी तेव्हा घरी होते. काढा उकळत होते.

नळ बंद झाला.

२१ सप्टेंबर

सकाळी दुकानात जाते सांगून गाडी काढली. दिवसभर फेन्समध्ये फिरले. सगळे रस्ते सारखे, सगळे ड्रेन सारखे. एका शेतकऱ्याला विचारलं. कॅटर स्लूस नावाचं इथे काही नाही म्हणाला. शशीचा फोन लागत नाही.

पोलिसांना फोन केला. एक तरुण पोलीस आला. नवरा हरवलाय म्हणून सांगितलं, तर नवऱ्यानेच दार उघडलं. मी व्हॉइसमेल लावून दाखवले. त्याला मराठी कुठलं कळायला? त्याने मोबाइलकडे आणि मग याच्याकडे बघितलं, आणि हा तुमचाच ना आवाज, असं विचारलं. आणि हा म्हणाला, हो. शशीच्या आवाजात. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

पोलीस मला हळुवारपणे म्हणाला, नवीन जागा आहे, थोडी विश्रांती घ्या.

मग डोरीनकडे गेले. सगळं सांगितलं. ती किटली धरून उभी राहिली. केन खिडकीशी, पाठ आमच्याकडे. ती हळूच म्हणाली, "सवय होते, डक. त्रास काही देत नाहीत ते."

मी ओरडले. मग तो रूट आम्हाला का दिलास? तिने तोंड झाकून घेतलं. तिला वाटत होतं, दुसरं कुणी तिथून जाऊन धडपणे परत आलं तर तिच्या बाबतीत नुसता भास होता असं ठरेल. इतक्या वर्षांत तिला तेवढंच हवं होतं.

तिचा केन परत आणता आला असता का, असं विचारलं. ती म्हणाली, खिडकीतला हा तिला तिथे न्यायला तयार होता. रोज अंगणात टँडेम धरून उभा राहायचा. तीच कधी बसली नाही. शेवटी त्याने उभं राहणं सोडलं, आणि खिडकीशी बसला.

२२ सप्टेंबर

आज त्याला समोर उभं राहून विचारलं. शशी कुठे आहे?

तो सिंककडे वळून म्हणाला, "त्याला आणायला जाऊ या."

मी इथेच आहे, असं नाही म्हणाला. त्याला.

आईला पुण्याला फोन केला. तिने जावईबापूंची तब्येत विचारली. बरे आहेत म्हटलं. दुसरं काय सांगणार?

डोरीन म्हणते, जाऊ नकोस. पण ती राहिली आणि तिचं काय झालं ते मी रोज खिडकीत बघते. शशी त्या धुक्यात माझं नाव घेत फिरतोय. जाणार.

२३ सप्टेंबर

बसले. टँडेमवरच लिहितेय. अक्षर हलतंय.

ऊन आहे. बार्डनी गेलं. नदीवर माणसं गळ टाकून बसलीयत. एकाने हात केला. मी ओरडावं असं वाटलं. काय ओरडू?

—

फेन. धुकं आलं. थांब म्हटलं. पेडलं थांबत नाहीत. पाय उचलून धरले तर पेडल पोटऱ्यांवर आपटतं. वेग वाढतोय.

—

ड्रेनच्या पलीकडच्या काठावर काहीतरी चाललंय. आमच्याबरोबर. आमच्याच वेगाने —

टँडेम. हिरवी.

मागच्या सीटवर शशी. शशीच! दाढी वाढलीय, ओठ फुटलेत, पण खांदे वरखाली होतायत, तोंडातून वाफ — जिवंत आहे. जिवंत आहे तो.

त्याच्यापुढे माझ्यासारख्याच पिवळ्या जॅकेटात एक बाई. केस माझे. पाठ माझी —

ओरडले. शशी! त्याने बघितलं. माझ्याकडे, मग समोरच्या पाठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मान हलवतोय. नको, नको म्हणतोय. हात पुढे धरलाय, मला लांब ठेवायला —

मला घाबरतोय तो. त्याला वाटतंय मीच ती खोटी —

शशी, मी आहे रे. मी मंजू. तुला पोहता येत नाही, मला येतं. मी येतेय. पाण्यातून येतेय, तू फक्त उडी —

पेडलं थांबली.

पुढचा मान वळवतोय. हळूहळू. हेल्मेटखाली —